सातव्या दिवसाचा दगड

माझ्या वडिलांचा उजवा पाय गुडघ्याखाली नाही. कसा गेला म्हणून कोणी विचारलं की आम्ही शुगरमुळे असं सांगतो, आणि ते खोटंही नाही. लोक मान हलवतात, आपापल्या घरातल्या शुगरच्या गोष्टी सांगतात, चहा पितात आणि जातात. मोबाईलमधल्या दगडाची गोष्ट मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेली नाही. ती ऐकून कोणी हसलं तर माझा तोल जाईल, आणि माझा तोल एकदा गेला की लवकर परत येत नाही.

आई गेल्यावर मी बाबांना दाना ओली या गल्लीतल्या जुन्या घरातून त्याच शहरात जयेंद्रगंजला माझ्याकडे आणलं. नवरा नोकरीसाठी इंदूरला, मुलगी शिकायला पुण्याला, तेव्हा घरात आम्ही दोघंच. बाबा सिंचाई विभागात नकाशे काढायचे. जन्मभर अखंड बोलणारा माणूस, पण आई गेल्यावर भिंतीकडे तोंड करून जो पडला तो सहा महिने पडूनच राहिला. जेवायला उठवलं तर उठायचे, नाहीतर तेही नाही. डॉक्टरांनी तपासलं. तळव्यावर बारीक दोरा टेकवून विचारलं, लागतंय का? बाबा म्हणाले, काय लागतंय का? शुगरने पायांची जाणीव गेली होती. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. रोज अर्धा-पाऊण तास चाला, आणि घरातसुद्धा अनवाणी फिरू नका. त्यांनी लिहून दिलेल्या मऊ निळ्या चपला मी त्याच दिवशी नया बाज़ारातून आणल्या.

चालायला मात्र ते तयार होईनात. कुठे जाऊ, कशाला जाऊ, एवढंच म्हणायचे. शेवटी मुलीने सुट्टीत आल्यावर त्यांच्या मोबाईलमध्ये तो प्राणी पकडायचा खेळ घालून दिला. पडद्यावर आपल्याच गल्लीबोळांचा नकाशा दिसतो, आपण चालू तसा तो सरकतो, मधूनच एखादा विचित्र प्राणी समोर येतो आणि त्याला पकडायचं. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे काय खूळ. पण नकाशा पाहून बाबा उठून बसले. दाना ओलीतलं एक वळण चुकीचं काढलंय असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते तपासायला म्हणून ते सहा महिन्यांत पहिल्यांदा स्वतःहून घराबाहेर पडले.

मग बघता बघता नाद लागला. रात्री पुण्याला फोन, तुझे किती झाले, माझे किती झाले. आजोबा आणि नात दोघांकडे कासवासारखा एकेक प्राणी होता, बुटका, मातकट, कशालाच घाई नसलेला. बाबा त्याला ठोंब्या म्हणायचे. बाकीचे प्राणी खाऊ घालून मोठे होतात, हा होत नाही. त्याला एक खास दगड लागतो. दगड लावला की प्राणी झळाळून उठतो आणि दुसराच होऊन बाहेर येतो. एकदा झाला की झाला, परत पहिल्यासारखा करता येत नाही. आणि तो दगड मिळवायचा नियम असा की एकाच ठाण्यावर, म्हणजे खेळाने नकाशावर नेमलेल्या एकाच जागी, सलग सात दिवस जाऊन हजेरी लावायची. सातव्या दिवशी दगड हातात. मधला एक दिवस जरी चुकला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मुलीला दगड मिळून गेला होता. बाबांचा दोनदा हुकला, एकदा तर सहाव्या दिवशी मोबाईलची बॅटरी संपून. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मुलीने मग फोनवरून समजूत काढली की आजोबा, मी माझा दगड वापरत नाही, ठेवून देते. दसऱ्याला मी घरी येऊन राहिलेय ना, तोवर तुम्हीही मिळवा. शमीची पानं दिली की दोघं एकदमच लावू. बाबांनी घटस्थापनेपासून सात दिवस धरायचे ठरवले. त्यांचं ठाणं होतं दाना ओलीतलं देवीचं देऊळ.

आणि इथे माझ्या आईचं नवरात्र आलं. मी लहान असताना मला टायफॉइड झाला होता, तेव्हा आईने त्या देवीला नवस बोलला होता की पोर वाचली तर दर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी दर्शनाला येईन. ती मरेपर्यंत गेली. आमच्याकडे असा नेम करणारं माणूस गेलं म्हणून नेम संपत नाही, घरातलं कोणीतरी तो उचलतं. देवीला काय, कोणाच्याही पायांनी चाललं तरी चालतं असं आईच म्हणायची. तिच्या सासूच्या नावाचे सोमवार तिनेच वीस वर्षं केले होते. तर आईचे नऊ दिवस बाबांनी उचलले. मी निळ्या चपला त्यांच्या पुढ्यात ठेवल्या, डॉक्टरांच्या बोलण्याची आठवण दिली, आवाजही चढवला. ते म्हणाले की नऊ दिवसांनी काही होत नाही. बायकोने जे चाळीसेक वर्षं केलं ते नवऱ्याला नऊ दिवस जमू नये? मी चपला परत कोपऱ्यात सरकवल्या. नवस माझ्याच जिवाचा होता.

पहिले दोन दिवस छान गेले. सकाळी आंघोळ करून, खिशात मोबाईल टाकून निघायचे, तासाभराने यायचे. त्या तासाभरात मी निवांत चहा घेत असे, आणि खरं सांगायचं तर तो तास मला हवा होता. सहा महिने एका पडलेल्या माणसाशेजारी राहिल्यावर असा तास किती गोड लागतो हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी फरशीवर लाल ठिपके दिसले. नवरात्र, घरात घट बसलेला, मला वाटलं कुंकू सांडलं. ओल्या फडक्याने पुसून टाकलं. चौथ्या दिवशी पुन्हा. मी बाबांवरच डाफरले की पूजा करताना जरा हात आवरून करा. पाचव्या दिवशी ठिपके दारापासून थेट त्यांच्या पलंगापर्यंत गेलेले दिसले. देवघर दुसऱ्या बाजूला आहे. हातातलं फडकं टाकून मी त्यांच्या पलंगाकडे गेले.

त्यांचा पाय मांडीवर घेऊन पाहिला. अंगठ्याच्या मुळाशी खालून एक भोक होतं, कडा पांढऱ्या पडलेल्या, आत काचेचा बारीक तुकडा. मी तो चिमट्याने ओढून काढला तरी बाबांचं लक्ष मोबाईलमध्ये.

"बाबा, हे कधी लागलं?"

"काय माहीत. दुखत नाही गं. दुखलं असतं तर सांगितलं नसतं का?"

मी म्हटलं, आत्ता डॉक्टरांकडे चला. ते म्हणाले, डॉक्टर पाय बांधून घरी बसवतील, नेमात खंड पडेल आणि दगडही जाईल. दोनच दिवस राहिलेत. सातवा दिवस झाला की तू म्हणशील तिथे येतो, पुढच्या दोन दिवसांचं दर्शन रिक्षाने जाऊन करीन. इतक्या महिन्यांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागत होते, चेहऱ्यावर रंग होता, आणि तो चेहरा पुन्हा भिंतीकडे वळेल याची मला धास्ती वाटली. मी जखमेत हळद भरली, वर कापूस लावला, पट्टी बांधली. तेवढं करून मी त्यांना दोन दिवस देऊन टाकले. कोणाचे दिवस मी कोणाला देत होते, कोण जाणे.

सहाव्या दिवशी पट्टी बांधून अनवाणी गेले. जाण्याआधी मोबाईल मीच चार्ज केला आणि मीच त्यांच्या खिशात ठेवला. सातव्या दिवशी आले ते थेट स्वयंपाकघरात. पडद्यावर दगड होता, हिरवट, मधोमध एक ठिणगी हलत असलेली. बाबांच्या कपाळावर घाम होता, चेहरा लाल झाला होता. मला वाटलं आनंदाने. मी त्यांच्या हातावर साखर ठेवली. शुगरच्या माणसाच्या हातावर मी साखर ठेवली, हेही लिहून टाकते.

दुपारी ताप भरला. संध्याकाळपर्यंत पायाला वास येऊ लागला आणि काळेपणा घोट्याकडे सरकला. इस्पितळात डॉक्टरांनी पट्टी सोडली, नाक न झाकता नीट पाहिलं आणि विचारलं, किती दिवस झाले? मी म्हटलं, कल ही देखा, डॉक्टर साहब. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते शुद्धीत होते, सगळं ऐकत होते, आणि त्यांनी मला खोटं पाडलं नाही. अष्टमीला अंगठा काढला. डॉक्टर म्हणाले, बघू थांबतंय का.

दसऱ्याला मुलगी स्टेशनवरून बॅग घेऊन तशीच इस्पितळात आली. येताना वाटेत शमीची पानं घेतली होती. ती तिने आजोबांच्या हातावर ठेवली, त्यांच्या डाव्या पायावर डोकं टेकवलं. उजव्याकडे तिने पाहिलं नाही. बाबांनी उशीखालून मोबाईल काढला. ठरलं होतं ते ठरलं होतं. दोघांनी एकदम बोट टेकवलं. पडदा पांढरा झाला, ठोंब्या त्यात विरघळला, आणि बाहेर आला तो दोन पायांवर सरळ उभा राहिलेला एक दांडगा प्राणी. मुलगी आधी हसली आणि मग तिने आपला मोबाईल पालथा ठेवला.

बाबांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन त्याला पाहिलं. मग तिला विचारलं, "आता याला परत पहिल्यासारखा करता येत नाही ना?"

"नाही, आजोबा."

"बरं," ते म्हणाले आणि मोबाईल उशीखाली ठेवून दिला.

नंतर बाहेरच्या बाकावर तिने मला विचारलं की असा पाय असताना आजोबांना जाऊ कसं दिलंस? मी सगळं सांगितलं. सात दिवस, खंड पडला असता, दोनच दिवस राहिले होते. तिच्या आवाजात रागही नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"पण आई, फोन तू घेऊन जायचा होतास ना. गेम को क्या पता, कोण चालून राहिलंय."

मी तिला म्हटलं की मला नाही कळत तुमचे ते खेळ. हे मी आजही लोकांना सांगू शकेन, पटेलही त्यांना. पण आईचा नेम बाबा चालतात हे मला कळत होतं. आजीचे सोमवार आईने केले हे कळत होतं. एकाचं चालणं दुसऱ्याने उचलायचं, हे मी बोलायला लागायच्या आधीपासून घरात पाहत आले. तो मोबाईल माझ्या हातात होता, आणि दाना ओली माझ्या दारापासून वीस मिनिटांवर आहे. त्या सकाळी मी चहा पीत बसले.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी गुडघ्याखाली पाय काढला. मुलगी परत पुण्याला गेली. नकली पाय बसवायचा तर जखम आधी पूर्ण भरायला हवी, ती भरतेय असं वाटतं आणि पुन्हा उघडते. बाबा आता खिडकीशी खुर्चीत असतात. भिंतीकडे तोंड करत नाहीत, तेवढं माझं नशीब.

रोज सकाळी त्यांचा मोबाईल घेऊन मी दाना ओलीत जाते. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, इस्पितळातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तो उचलला आणि निघाले. देवळासमोर उभी राहून हजेरी लावते. दर सातव्या दिवशी एक दगड मिळतो. बरेच साठलेत, ते लावण्यासारखा प्राणी आता त्यांच्याकडे नाही, आणि नवा त्यांनी पकडलेला नाही.

यंदा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी म्हटलं की या वर्षी आईचे नऊ दिवस मी करते. बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. म्हणाले, देवीला मी सांगितलंय, तो हिशेब माझ्या पायावर मिटला. तू चपला घालून जायचं. मी वाद घातला नाही. गेल्या महिन्यात माझीही शुगर वाढलेली निघाली आहे आणि ते त्यांना माहीत आहे.

त्या दिवसापासून त्यांनी एक नवीनच सुरू केलंय. मी परत आले की आधी त्यांच्यासमोर स्टुलावर बसायचं आणि पाय वर करायचे. बाप मुलीच्या पायाला हात लावतो का, म्हणून पहिल्या दिवशी मी पाय मागे घेतला, तर त्यांनी घोट्याला धरून ओढला. चष्मा लावून दोन्ही तळवे बघतात, मग अंगठ्याच्या मुळाशी नखाने जोरात दाबतात.

"दुखतं का?"

"दुखतं, बाबा."

"मग बरं आहे," ते म्हणतात आणि मोबाईलसाठी हात पुढे करतात.