केराबाईचा हात

केराबाई एका जागी दहा मिनिटं गप्प बसली, तर अजिनाथ हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायला यायचा. बाईला काही झालं तर नाही ना? सोलापुरातल्या त्या दवाखान्याच्या डायलिसिस हॉलमधला तो टेक्निशियन. म्हणजे सुया टोचणारा, मशीन चालवणारा आणि नऊ खाटांवरच्या नऊ जणांची बोलणी खाणारा. मंगळवारी आणि शुक्रवारी ही बाई मोहोळकडच्या वाडीवरून पहिल्या एसटीने यायची आणि सुई टोचेपर्यंत हॉलभर फिरायची. याच्या पावलावर बोट दाबून सूज बघ, त्याला काल किती पाणी प्यालास ते विचार, तिसऱ्याच्या डब्यात डोकाव, आणि लोणचं दिसलं की डबा आपणच बंद कर. बुडाखाली निखारा ठेवल्यासारखी बाई.

आणि आता महिना झाला, ती खाटेच्या कडेला पाय सोडून बसायची आणि कुणाशी बोलायची नाही. पण चैन तिला तेव्हाही नव्हतं. पदराला गाठ मारायची, सोडायची, परत मारायची. दाराकडे बघायची, वजनकाट्याकडे बघायची, मग मान खाली.

तिचं माहेर सांगोल्याकडचं, जन्म मेंढरांतला. लग्न होऊन मोहोळकडे आली ती येडूच्या घरात, आणि येडूकडे शेळ्या. बाजारात बकरं घ्यायचं असलं की येडू मागे उभा राहायचा आणि केराबाई पुढे. दोन्ही हातांनी बकरं जरा उचलायची, खाली ठेवायची आणि आकडा सांगायची. काट्यावर अर्ध्या किलोचा फरक पडला तर व्यापारी आनंदाने चहा पाजायचे, कारण असा चहा त्यांना वर्षातून एकदाच पाजायला मिळायचा.

चार वर्षांपूर्वी तिची मूत्रपिंडं गेली. सुरुवातीला तिला कशातलं काही कळायचं नाही. चार तास मशीनला जोडायचे आणि "झालं मावशी, पाणी काढलं" म्हणून सोडून द्यायचे. एकदा तिने विचारलं, "किती काढलंस?"

"तुम्हाला काय करायचंय मावशी? आम्ही आहोत ना."

झालं. तिथेच बिनसलं. "आरं, पानी माजं, अंग माजं, आन मी इचारायचं न्हाय? बकरं इकताना सुदीक त्येचं वजन मालकाला दाखिवत्यात!"

अजिनाथ मुळात भला माणूस. त्याने कार्ड दाखवलं. अंगात जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन भरतं ते ड्राय वेट, म्हणजे कोरडं वजन. आज काट्यावर त्याच्यावर जेवढं भरेल तेवढं पाणी मशीन ओढून घेणार. केराबाईने कपाळावर हात मारला. एवढंच व्हय! बाजारच्या सकाळी लबाड व्यापारी बकऱ्याला मीठ चारतो आणि वर बादलीभर पाणी पाजतो. काट्यावर दोन किलो वाढतात. घेणारा मांसाचे पैसे देतो आणि घरी पाणी नेतो. "आपुन समदी पानी पाजल्याली बकरी हाय बगा," तिने सगळ्या हॉलला सांगितलं. जे डॉक्टरांना तक्त्यावर चित्रं काढून जमलं नव्हतं, ते या एका वाक्यात नऊच्या नऊ जणांना कळलं.

तिथून तिने एक रीतच पाडली. मशीन चालू करण्याआधी प्रत्येकाने आपला हिशेब मोठ्याने बोलायचा. "माझं कोरडं पन्नास, आज साडेबावन्न, अडीच वडा." ज्यांना अक्षर येत नव्हतं तेही आकडा पाठ करून येऊ लागले. आणि कोरडं वजन काही दगडावर कोरलेलं नसतं. माणूस अंगाने भरला तर ते वाढवायचं, नाही तर मशीन अंगातलं हवं ते पाणीही ओढतं, पायात गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. वाळला तर उतरवायचं, नाही तर जादा पाणी अंगातच राहतं आणि छातीत चढतं. हेही तिने सगळ्यांना शिकवलं. डॉक्टर राजनंदिनी मॅडम मंगळवारी यायच्या, तेव्हा खाटेखाटेवरून प्रश्न यायचे. मॅडम कधी हसायच्या, कधी वैतागायच्या, पण उत्तर द्यायच्या.

मग जानेवारी आला, आणि नागम्मा.

नागम्मा दुधनीची, शेजारच्या खाटेवरची. मराठी बोलता बोलता मध्येच कानडीत शिरायची आणि केराबाईला अक्का म्हणायची. तीन खेपा झाल्या, तिच्या पोटऱ्यांत गोळे येऊन ती ओरडत होती. केराबाईने तिचा दंड दाबला, पाठीवरून हात फिरवला आणि आकडा सांगावा तसं सांगून टाकलं, "अगं, तू भरलीस की! दोन किलो वाडवून घी. उगं जीव वडत्यात तुजा."

मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या. नागम्मा अजिनाथशी भांडली आणि दोन किलो पाणी कमीच ओढून घेतलं. शुक्रवारीही तेच. रविवारी तिला श्वास घेता येईना. नवरा मल्लप्पाने दुधनीहून जीप करून आणलं. चार दिवस अतिदक्षता विभाग. नागम्मा भरली नव्हती. ती वाळलीच होती. गोळे कशाने येत होते ते मागाहून कळलं, रक्तातले क्षार कमी पडले होते.

मल्लप्पाने व्हरांड्यात सगळ्यांदेखत विचारलं, "तुमच्या हाताला कुणी बोलावलं होतं?" मॅडम त्या मानाने सौम्य बोलल्या. "मावशी, माणूस म्हणजे बकरं नाही. भांडा, विचारा, पण अंदाज सांगू नका."

चूक कुठे झाली ते केराबाईला परतीच्या एसटीत कळलं. हॉलमधला एसी असला गार की बाहेर सोलापूर तापलेलं असलं तरी आत सगळे स्वेटर घालून बसतात. नागम्माचा स्वेटर जाड होता, घरी विणलेला. केराबाईने हात फिरवला तो स्वेटरवरून. सहा वर्षांची असताना बापाने तिला पहिली गोष्ट शिकवली होती ती हीच. लोकरीवर हात ठेवून मेंढरू घ्यायचं नाही. लोकरीत बोटं घालायची आणि कणा चाचपायचा. मेंढरांत जन्मलेली बाई लोकरीला फसली! तिला इतकी लाज वाटली की मोहोळ येईपर्यंत तिने तोंड पदराआडून काढलं नाही.

आता यात चूक एकट्या तिची होती असं मला तरी वाटत नाही. काटा होता, मशीन होतं, शिकलेली माणसं होती. पण ज्याचा हात दिसतो त्याच्याच माथी खापर फुटतं, ही जगाची जुनी रीत. आणि केराबाईने ते खापर मुकाट्याने डोक्यावर घेतलं. तिने बोलणंच सोडलं. ती बोलेना म्हणून बाकीचेही बोलेनात. हॉलमध्ये नुसती मशीनची टिकटिक.

इथवर ठीक होतं. पण त्या दिवसापासून तिच्या घशाखाली घासही उतरेना. भाकरीचा तुकडा मोडायचा आणि शेळीपुढे टाकायचा. बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. आणि मग आडवं झालं की दम लागू लागला. उशीला उशी लावून झाली. शेवटी बसूनच रात्र काढायची, भिंतीला टेकून. येडूने विचारलं तर म्हणायची, "जिवाला घोर हाय, दुसरं काय न्हाय."

ती खोटं बोलत होती. तिला कळत होतं, अगदी स्वच्छ कळत होतं, की तिचं मांस गेलंय आणि कार्डावरचा सत्तेचाळीसचा आकडा जुना झालाय. दर खेपेला मशीन तिला सत्तेचाळीसवर आणून सोडत होतं, आणि त्यातलं दोन किलो नुसतं पाणी होतं. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर तिने दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण जो हात नागम्माच्या जिवावर उठला, त्या हाताचं स्वतःसाठी ऐकायचं? कोणत्या तोंडाने? अजिनाथ म्हणाला, "मावशी, बीपी लई वर जातंय. मीठ खाताय का?" ती म्हणाली, "व्हय, खाल्लं." आणि पदराला गाठ मारली.

मधले आठवडे मल्लप्पा नागम्माला दुसऱ्या दवाखान्यात नेत होता; मार्चमध्ये ती परत आली. तीच शेजारची खाट. केराबाईने मान वर केली नाही. दोन खेपा तशाच गेल्या. नागम्माही बोलली नाही, पण बघत होती. चार तास शेजारी पडलेल्या माणसाला दुसरं काम काय असतं? तिने बघितलं की अक्का टेकून बसते, कधीच आडवी होत नाही. एक वाक्य बोलायला दोनदा थांबते. आणि येडूचा मोठा करडा स्वेटर गळ्यापर्यंत घालून बसते.

तिसऱ्या खेपेला, मंगळवारी, केराबाई काट्यावर उभी राहिली. "सत्तेचाळीस," ती पुटपुटली, "आज पन्नास. तीन."

"सुळ्ळ," नागम्मा म्हणाली. "खोटं."

हॉलमधल्या माना वळल्या.

"स्वेटर काड, अक्का."

"ऱ्हाऊ दे गं. गारठा हाय."

"काड म्हणते की!" आणि केराबाई खाटेवर टेकते न टेकते तोच नागम्मा उठली, स्वेटरच्या आत हात घातला आणि तिच्या कण्यावरून बोटं फिरवली. वरून खाली, सावकाश, बाजारात मेंढरू चाचपतात तशी. तिचा चेहरा बदलला. "यव्वा," ती म्हणाली, "हाडं मोजावीत की गं एकेक."

केराबाईला रडू आलं. "माजा हात खोटा निगाला, नागम्मा. तुजा जीव चालला व्हता माज्या हातानं."

"व्हय, चालला व्हता. लई राग आला मला. अजून हाय." नागम्माने हात काढला नाही. "पण आपल्या पाठीवर आपला हात पोचत नाही. तवा दुसऱ्याचा लागतोच."

अजिनाथ सुई घेऊन आला. नागम्माने त्याचं मनगट धरलं. "मॅडमला बोलव. तवर सुई नाही."

मॅडम आल्या. केराबाई नागम्माकडे बघून म्हणाली, "तूच सांग."

"मी का सांगू? पाठ तुजी, जीव तुजा. हितं आमाला बोलायला कुणी शिकवलं?"

खाटेची कड धरून केराबाई सरळ बसली. श्वास पुरत नव्हता आणि धीरही. मग एकदम बांध फुटल्यासारखी बोलली. "मॅडम, कार्डावरचं सत्तेचाळीस खोटं हाय. मी वाळले. ईस दिस झालं, आडवी झाले न्हाय. मीठ बी खात न्हाय, अजिनाथला खोटं सांगितलं. मी अंदाज सांगत न्हाय. तुमीच बगा. पन बगा!"

मॅडमनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. छातीचा फोटो काढायला सांगितला. मग म्हणाल्या, "इतके दिवस का नाही बोललात?"

"तुमीच म्हनला व्हता, अंदाज सांगू नगा."

मॅडमनी तिचं कार्ड हातात घेतलं. "दुसऱ्याचा सांगू नका म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "स्वतःचा सांगायचाच. माझंही चुकलं. मीही तुमचा स्वेटर काढून बघितलं नाही."

कोरडं वजन एकदम उतरवत नाहीत. त्या दिवशी साडेसेहेचाळीस, शुक्रवारी सेहेचाळीस, पुढच्या मंगळवारी साडेपंचेचाळीस. त्या मंगळवारी हॉलमध्ये पुन्हा आरडाओरडा चालू झाला होता. "माझं एकसष्ट, आज चौसष्ट!" "माझं पन्नास!" नागम्मा एका नव्या माणसाला बकऱ्याची गोष्ट सांगत होती आणि मीठ चारण्याऐवजी गूळ चारल्याचं सांगून सगळा घोळ घालत होती. केराबाईने तिला दुरुस्त केलं नाही.

तिला दम लागू लागल्यापासून येडू सोबत यायचा आणि व्हरांड्यात बसायचा; तिसऱ्या तासाला तो दारातून डोकावला. एरवी त्याला बायको टेकून बसलेली, पदराशी खेळणारी दिसायची. आज ती खाटेवर सपाट पडली होती. उशी एकच. डोळे मिटलेले, तोंड जरासं उघडं, हात सैल, पदराला गाठ नाही. महिना दीड महिना त्याने तिला अशी पाहिली नव्हती. चपला बाहेर काढायच्या असतात हेही विसरून तो धावत आत आला आणि बोटं तिच्या नाकाशी धरली.

"जित्ती हाय," केराबाई डोळे न उघडता म्हणाली. "झोपू दे की."