जावयाने बसवलेला गाइड

सासऱ्यांच्या आरा मशीनला मी आयुष्यात एकदाच हात लावला. हात शाबूत राहिला, एवढंच काय ते माझं पुण्य.

खामगावात सासऱ्यांची लाकूड कापायची गिरणी. पूर्वी तिथे बैलगाड्यांच्या आणि वखरांच्या लाकडांची रांग लागायची. मग बीटी कापसाची वर्षं आली. अळी लागणार नाही म्हणून लोकांनी महागडं बियाणं पेरलं. अळीही लागली, पाऊसही रुसला, आणि नवी गाडी करायचं कोणी नावच घेईना. मशीन आठवडा-आठवडा बंद राहू लागलं. अशात सासऱ्यांच्या मूळ गावाने त्यांना नव्या विहाराच्या दाराचं काम दिलं. गावाने बांधावरचं जुनं सागवान पाडून ओंडका आणून टाकला. त्यातून दाराला लागणाऱ्या बरोब्बर चार फळ्या निघणार होत्या, पाचवी नाही. बुद्धपौर्णिमेला दार बसवून देईन, असा सासऱ्यांनी अख्ख्या गावाला शब्द दिला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला यंत्रातलं कळतं असा समज आहे (माझा, बायकोचा नाही). या मशीनवर करवतीचा लांब पट्टा दोन चाकांवर फिरतो. तो डगमगू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टेकू असतो, त्याला म्हणतात गाइड. सासऱ्यांकडे गाइड म्हणून काय, तर तेल पिऊन काळे पडलेले बाभळीचे दोन ठोकळे! मला ते पाहवेना. मी अकोल्याहून बेअरिंगचा नवाकोरा गाइड विकत आणला.

तीस वर्षं हे मशीन चालवणारे मिस्त्री रशीदचाचा पाना घेऊन पुढे आले. मी म्हटलं, राहू द्या, मीच बसवतो. बेअरिंग मी पार करवतीच्या दातांपर्यंत पुढे सरकवलं. पकड जितकी पुढे, तितकी करवत सरळ, हे तत्त्वही समजावून सांगितलं. चाचा दोनदा खोकले. सासरे छपराकडे बघत राहिले. सासूबाई चहा घेऊन आल्या, गाइडकडे पाहिलं आणि मला आणखी दोन भजी वाढली. मला वाटलं, सगळे थक्क झालेत.

मशीन सुरू झालं आणि अशी किंकाळी फुटली की बाहेरचं कुत्रं रस्ता ओलांडून पळालं! ठिणग्या उडाल्या. मी ओरडून सांगितलं, नवं आहे, रुळेल. ओंडका पुढे गेला, फळी निघाली. एका टोकाला दोन इंच जाड, दुसऱ्या टोकाला पापड! बेअरिंगवर घासून एका बाजूचे सगळे दात बोथट झाले होते आणि करवत वाट फुटेल तिकडे गेली होती. गावाच्या चार फळ्यांतली एक मी खाल्ली होती.

चाचांनी मशीन बंद केलं आणि शांतपणे म्हणाले, "बेअरिंग दाताच्या मांगं पाह्यजे. दाताले लागलं का पट्टा गेला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हाव. समद्याईलेच माहीत होतं."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला. म्हणजे त्यांनासुद्धा!

"मग मला कोणी बोललं का नाही?" मी जवळजवळ रडत विचारलं.

सासऱ्यांना माझी दया आली असावी. "जवाईबापू," ते म्हणाले, "पाहुन्या जवाईले चुकलं म्हनाची आपल्यात रीत नाही."

म्हणजे माझा मान राहावा म्हणून त्यांनी गावाचं सागवान जाऊ दिलं होतं! चाचांनी दुसरा पट्टा चढवला, बाभळीचे ठोकळे परत लावले आणि उरलेल्या तीन फळ्या सुतासारख्या सरळ काढल्या. चौथी सासऱ्यांनी घरातून आणली. मला दिवाळीला दिवाण द्यायचा म्हणून त्यांनी ते सागवान जपून ठेवलं होतं. पौर्णिमेला दार लागलं.

त्याच दिवशी मी हात जोडून सांगितलं, यापुढे मला जावई समजू नका, घरचा समजा. चुकलो तर तोंडावर सांगा. आणि त्यांनी ते मनावर घेतलं! आता वरणात भात कसा कालवावा इथपासून मला सुधारतात. गेल्या दिवाळीला आकाशकंदील लावताना तर मला फक्त शिडी धरून उभं राहायचं काम दिलं होतं. मी दोन्ही हातांनी, जीव लावून धरली. चाचांनी लांबूनच सांगितलं, "मास्तर, शिडी उलटी हाय."