व्यासराजचे पिवळे ठिपके

व्यासराजइतका भित्रा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आणि गंमत अशी, की जुन्या गाड्यांचा वेग वाढवून देणं हाच त्याचा धंदा होता.

वेस्ट मांबलममध्ये आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्याचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. पाटी नव्हती, तिची गरजही नव्हती. अड्यारपासून अण्णानगरपर्यंतचे हौशी लोक आजोबांची फियाट, काकांची हेरल्ड किंवा कुठूनतरी मिळवलेली कॉन्टेसा घेऊन त्याच्याकडे यायचे. प्रत्येकाच्या हातात मासिकातली कात्रणं. कुणाला फियाटमध्ये नव्या ११८ एनई गाडीचं इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवायचा असे, कुणाला जोड कार्ब्युरेटर हवे असत, कुणाला गाडी नुसती गुरगुरायला हवी असे. व्यासराज सगळं ऐकून घ्यायचा, कान खाजवायचा आणि विचारायचा, "सरी. पळेल वंडी. पण थांबावयाचें कसें, तें ठरविलें का?"

'बरं' म्हणायला 'सरी' आणि गाडीला 'वंडी', हे तमिळ शब्दच तो वापरी. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आले, आणि त्याच्या घरातली मराठी जवळजवळ तेव्हाचीच राहिली. मी सातारचा, बँकेतल्या बदलीने मद्रासला आलेला. पहिल्यांदा त्याचं बोलणं ऐकलं तेव्हा बखर वाचतोय की काय असं वाटलं होतं.

त्याचा क्रम ठरलेला होता. आधी ब्रेक, मग स्प्रिंगा आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मग स्टिअरिंग आणि टायर, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. निम्मी गिऱ्हाइकं टायरपर्यंत येईतो कंटाळून दुसरीकडे जात. जी टिकत, त्यांची गाडी पुरी झाली की व्यासराज बायकोला, सरोजाबाईंना, शेजारी बसवून एक चक्कर मारून येई. घरचं माणूस ज्या गाडीत बसवायची आपली छाती होत नाही, ती गाडी दुसऱ्याला द्यायची नाही, असं त्याचं म्हणणं. सरोजाबाई तक्रार करत, "ह्यांच्या बाजूस बसून जप पुरा होतो, इतके हळू हाकतात." चाळीसच्या वर त्याने काटा कधी जाऊ दिला नाही.

आणि तो पिवळा ठिपका. बोल्ट पान्याने पूर्ण आवळला, की लगेच त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका नाही म्हणजे काम झालेलं नाही. स्वतःच्या स्मरणशक्तीवरही त्याचा विश्वास नव्हता.

त्याला लिफ्टची भीती, फटाक्यांची भीती, समुद्राची भीती. सारा जन्म मद्रासमध्ये काढूनही त्याने मरीनाच्या पाण्यात पाय घातला नव्हता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं मी त्याला चिडवायचो. लहानपणी काही झालं असेल म्हणून मी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाला, "भिण्यास कारण कशास पाहिजे, सार? भूक लागते, तिचें कारण विचारतां काय?"

मला भित्र्या माणसांचा रागच येतो. माझी मुलगी इरा सात वर्षांची असताना मी तिला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं. ती रडली, पण शिकली. पुढे इंजिनिअर झाली, श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात लागली, कंपनीच्या बसने रोज जाऊ-येऊ लागली. मी एका निवृत्त सहकाऱ्याकडून चौसष्ट सालची फियाट घेतली तेव्हा तिला पुरती नवी करण्याचं खूळ इराचंच. रविवारी ती व्यासराजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसायची आणि दोघं इंजिनाच्या हॉर्सपॉवरवरून तासन्‌तास वाद घालायचे. व्यासराजने आठ महिने घेतले. पुढच्या चाकांचे ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवले तेव्हा इंजिनाला अजून हातही लावला नव्हता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "व्यासराज, तुमच्या हाताखाली गाडी म्हातारी होऊन मरेल." तो हसला. इरा हसली नाही.

२००५च्या नवरात्रात गाडी पुरी झाली. सरोजाबाईंना घेऊन चक्करही झाली. दसऱ्याला सुट्टी, म्हणून इराच्या कारखान्यातल्या जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींनी कांचीपुरमला इडली खायला जायचा बेत केला होता. चार गाड्या, इरा सगळ्यात मागे.

आता जे झालं ते नीट सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मद्रासमध्ये आयुधपूजा. त्या दिवशी कारखान्यातलं प्रत्येक यंत्र, प्रत्येक हत्यार धुऊनपुसून त्याला चंदन लावतात, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्याराला हात लावत नाहीत. त्या सकाळी व्यासराजला फियाटच्या डाव्या ब्रेकमधून बारीक चरचर ऐकू आली. कुणाही दुसऱ्याने दुर्लक्ष केलं असतं. त्याने चाक उतरवलं, डिस्कला पकडून धरणारा कॅलिपर सोडला, आत पत्र्याची पातळ चकती घातली आणि दोन्ही बोल्ट हातानेच फिरवून बसवले. एवढ्यात सरोजाबाईंनी हाक मारली. मुहूर्त टळत होता आणि पाना पूजेत हवा होता. उद्या सकाळी आवळू, असं मनाशी म्हणत व्यासराजने पाना धुऊन देवीपुढे ठेवला.

पूजा झाली. सरोजाबाईंनी हळद घालून उगाळलेलं चंदन घेतलं आणि सगळ्या वस्तूंना बोट लावत गेल्या. लेथ, जॅक, ऐरण, उभ्या गाड्या. फियाटचं उघडं चाक दिसलं, त्यातल्या दोन काळ्या बोल्टांनाही त्यांनी भक्तिभावाने एकेक ठिपका दिला. इतक्याशा बोल्टावर कुंकू कुठे मावणार, म्हणून कुंकू लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी इरा सातलाच हजर. व्यासराजने वाकून पाहिलं. दोन्ही बोल्टांवर पिवळा ठिपका. म्हणजे आवळून झालंय, आपल्याच लक्षात राहिलं नाही. त्याने चाक चढवलं, गाडी खाली घेतली, किल्ली दिली.

आठच्या सुमारास मी घरी पेपर वाचत होतो. माझी बायको कौमुदी श्रीखंडाचा चक्का फेटत होती. दारात व्यासराज उभा राहिला, अनवाणी, धापा टाकत, उजव्या हाताचा अंगठा पुढे धरून. मला वाटलं बोट कापलं. तो म्हणाला, "सार, ह्याचा वास घ्या."

मी वास घेतला. चंदन.

भंगारात काढायच्या एका गाडीच्या गंजक्या बोल्टावर त्याला पिवळा ठिपका दिसला होता. त्या बोल्टाला त्याने वर्षभरात पाना लावला नव्हता. त्याने तो ठिपका अंगठ्याने पुसून पाहिला, आणि तिथून तो थेट पळत आमच्याकडे आला होता. "इराम्माच्या वंडीचा डावा ब्रेक मीं आवळला नाहीं," तो म्हणाला. "बोल्ट नुसते हातानें लाविले आहेत. निघून पडतील. जोरानें ब्रेक दाबिला तर चाक धरून बसेल, नाहींतर ब्रेकच राहणार नाहीं. चूक माझी, सार."

कौमुदीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी मोबाइल उचलून इराला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. गाडी चालवताना ती फोन उचलत नाही, हे मला माहीत होतं, आणि तरीही मी पुन्हा पुन्हा लावत राहिलो.

आम्ही वर्कशॉपकडे धावलो, तिथे एका गिऱ्हाइकाची कॉन्टेसा उभी होती. सरोजाबाईंना आमच्या घरी कौमुदीजवळ पाठवून व्यासराज स्टिअरिंगवर बसला. मी चालवतो म्हणालो, पण माझा पाय क्लचवर ठरेल असं मलाच वाटत नव्हतं. आम्ही वडपळनीवरून कोयम्बेडूकडे वळलो तेव्हा काटा ऐंशीवर होता. व्यासराजच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन पडत होता आणि तो पुसत नव्हता. ओठ हलत होते. इतकं घाबरलेलं माणूस इतक्या वेगाने गाडी हाकू शकतं, हे मी प्रथमच पाहत होतो.

मदुरवायलच्या पुढे रस्त्याकडेला माणसांचा घोळका दिसला. घोळक्यामागे निळा पत्रा. आमची फियाट निळी होती. व्यासराजने गाडी हळू केली. एक टेम्पो भाज्यांच्या हातगाडीवर आदळला होता, टेम्पो निळा होता. वांगी सगळ्या रस्त्यावर. मला त्या हातगाडीवाल्याचं काही वाटलं नाही, उलट हायसं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

तिथून निघाल्यावर माझा बांध फुटला. मी त्याला वाटेल ते बोललो. माझ्या पोरीला काही झालं तर तुझं वर्कशॉप जाळीन, म्हणालो. आठ वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. तो समोर बघत फक्त "होय सार" म्हणत होता. मी ओरडलो, "होय काय? काहीतरी बोल."

"काय बोलूं, सार? तुम्ही म्हणतां तें खरें आहे."

मी पुन्हा फोन लावला. अकरावा. वाजत राहिला.

पूनमल्लीच्या पुढे, चेंबरंबाक्कमच्या अलीकडे, एका चहाच्या टपरीपाशी फियाट उभी होती. सरळ, डाव्या बाजूला घेतलेली, कुठे खरचटलेलंही नाही. इरा टपरीच्या बाकावर बसली होती. मांडीवर मोबाइल.

गाडी थांबण्याआधीच मी दार उघडलं. तिच्याजवळ गेलो आणि तिच्या डोक्यावरून, खांद्यावरून हात फिरवत राहिलो, लहान मूल पडल्यावर चाचपतात तसा. मला रडू आलं. व्यासराज आमच्याकडे न येता थेट फियाटच्या डाव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसला, मग आडवा होऊन आत डोकावला. बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा म्हणाला, एक बोल्ट गळून पडलाय, दुसरा दोन आट्यांवर लटकलाय. आणि तिथेच मातीत फतकल मारून बसला. इराने चहाचा पेला त्याच्या हातात दिला, तो त्याला धरता येईना, म्हणून तिनेच त्याच्या तोंडाला लावला.

त्याने तिला हात जोडले. आवळलं नव्हतं, पूजेचं चंदन रंग समजून बसलो, असं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. मग विचारलं, "बाळे, तूं थांबलीस कशास?"

"ब्रेक दाबला की टक असा आवाज यायचा," इरा म्हणाली. "अगदी बारीक. तीनदा आला. बाकीचे पुढे निघून गेले होते. मला भीती वाटली, म्हणून थांबले. तुम्हाला वर्कशॉपवर किती फोन केले, काका, कोणी उचलतच नव्हतं."

व्यासराज मान खाली घालून ऐकत होता. मी मात्र आता चिडलो. जीव भांड्यात पडला की माणूस आधी चिडतो.

"आणि मी अकरा फोन केले ते?" मी म्हणालो. "फोन मांडीवर घेऊन बसली आहेस, आणि उचलत नाहीस? आमचं काय झालं असेल याचा विचार केलास?"

इराने माझ्याकडे पाहिलं. सात वर्षांची असताना विहिरीच्या काठावरून पाहिलं होतं, तसंच.

"तुमचं नाव दिसत होतं, बाबा," ती म्हणाली. "म्हणूनच नाही उचलला. तुम्ही म्हणाला असता, एवढ्याशा आवाजाला काय घाबरतेस, चल पुढे. आणि मी गेले असते."