पुरीबेनची मूठ

दिनांक ९ सप्टेंबर २०१९, सोमवार. सांबोसण गावच्या दूध मंडळीच्या, म्हणजे सहकारी दूध संस्थेच्या, फलकावर, सकाळचे दूध भरायच्या वेळी, खडूने पुढील मजकूर लिहिलेला होता : ‘गावातील चार म्हशी पुरीबेन हमीरभाई चौधरी यांच्या चूर्णाने मेल्या आहेत. सदर चूर्ण कोणीही वापरू नये.’ या चारपैकी एकाही म्हशीला पुरीबेनने आपल्या हाताने चूर्ण चारलेले नव्हते आणि मजकूर लिहिण्यापूर्वी तिला कोणी एका शब्दाने विचारलेले नव्हते. सहा दिवसांनी तो मजकूर पुसला गेला, तोही जनावरांच्या दाणाची, म्हणजे पशुखाद्याची, गाडी कधी येणार हे लिहायला जागा हवी होती म्हणून. तक्रार एवढीच आहे. पुढे जे येते ते तक्रारीच्या पुष्ट्यर्थ.

पुरीबेनला अक्षरे जुळवून वाचायला वेळ लागे. तो फलक तिला शेजारच्या नाथीबेनने वाचून दाखवला, रांगेत उभ्या उभ्या, आवाज जराही न उतरवता.

“ऐकलंस का पुरी? तुझं नाव लागलंय. हमीरभाई गेले तेव्हासुद्धा एवढ्या मोठ्या अक्षरात लागलं नव्हतं.”

पुरीबेनने बरणीतले दूध मापात ओतले, चिठ्ठी घेतली, चिठ्ठीवरचा फॅट नेहमीसारखाच आहे हे पाहिले आणि ती घरी आली. म्हशींपुढे वैरण टाकली. शेण भरले. आपल्याला रडू येईल असे तिला वाटत होते, पण ते आले नाही. उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखे आतून सगळे कोरडे आणि जड झाले होते. दुपारी भाकरी पुढ्यात घेतली तेव्हा आपण मीठ घातले की नाही हेही तिला कळले नाही.

चूर्ण तिच्या सासूचे. शेताच्या बांधावर कडू वृंदावनाचे वेल पसरतात, त्यांची फळे वरून कापायची, आतला गर थोडा काढून ओवा आणि सैंधव ठासायचे, कापलेली टोपी परत बसवून सुताने बांधायची आणि वैशाखभर धाब्यावर वाळवायची. फळ खडखड वाजू लागले की सालीसकट कुटायचे. हिरव्या चाऱ्यावर म्हैस फुगली, रवंथ थांबला, शेणाला आंबूस वास येऊ लागला, की बाजरीच्या पिठाच्या गोळ्यात गूळ आणि हे चूर्ण घालून चारायचे, तीन दिवस, पुढे नाही. गाभण म्हशीला कधीच नाही. सासू सांगायची, अर्धी मूठ. वृंदावन हे औषध आहे आणि विषही आहे, हे त्या घरात मुलींना चूल पेटवायला शिकवण्याआधी शिकवत असत.

मग कडबाकुट्टीत पुरीबेनचा उजवा हात गेला. करंगळी गेली, अनामिका गेली, मधले बोट अर्धे उरले. त्या हाताची पूर्ण मूठ सासूच्या अर्ध्या मुठीएवढी भरू लागली. तिने हिशेब मनातल्या मनात जुळवला आणि तेव्हापासून ती ‘मूठभर’ म्हणू लागली. एकोणीस वर्षे ती तसेच म्हणत आली, आणि चूर्ण नेहमी स्वतःच घालत आली, म्हणून काही बिघडले नाही. लोक म्हैस घेऊन दारात येत, ती गोळा करून देई, संध्याकाळी म्हैस रवंथ करत उभी असे.

त्या वर्षीच्या चैत्रात मंडळीच्या आवारात जनावरांचे शिबिर झाले. शहरातून एक डॉक्टरसाहेब आले होते. झाडपाल्याचे जुने उपचार लिहून घेण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि पुरीबेनचे नाव त्यांना कोणीतरी दिले होते. तिला बोलावले. ती आली, पण समोर जेठ बसले होते, सेंधाभाई, हमीरभाईंचे थोरले भाऊ. जेठांसमोर भावजय बोलत नाही आणि तोंड उघडे ठेवत नाही. पुरीबेनने ओढणी हनुवटीपर्यंत ओढली, हात ओढणीखाली घेतला आणि जे सांगायचे ते नाथीबेनच्या कानात सांगितले.

“किती द्यायचं, विचारा,” डॉक्टरसाहेब म्हणाले.

“मूठभर म्हणते,” नाथीबेनने मोठ्याने सांगितले.

“केवढी मूठ?”

“मूठ ती मूठ, साहेब,” सेंधाभाई हसून म्हणाले आणि त्यांनी आपला हात वर केला. “ही बघा, शेतकऱ्याची. काय लाजायचंय त्यात!”

साहेबांनी क्षारमिश्रणाचा छोटा काटा मागवला. सेंधाभाईंनी पुरीबेनने आणलेल्या चूर्णाच्या डब्यात हात घातला. पन्नास ग्रॅम भरले. साहेबांनी लिहून घेतले.

ओढणीआडून पुरीबेनने जिभेने दोनदा ‘च्च’ केले. त्या गावात सुना वडीलधाऱ्यांसमोर ‘नाही’ म्हणतात ते असेच.

“पाल चुकचुकली बघा,” सेंधाभाई म्हणाले आणि आवारातले सगळे हसले. तिसऱ्यांदा तिने ‘च्च’ केले नाही.

वैशाखात पिवळा कागद छापून आला : ‘वृंदावन-ओवा चूर्ण, मूठभर, पन्नास ग्रॅम.’ खाली माहिती देणारीचे नाव, पुरीबेन ह. चौधरी. आपले नाव छापलेले तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. तिने कागद दोन घड्या करून डब्याच्या झाकणाखाली ठेवला. आकडा तिने वाचला नाही. घरोघरी फळे धाब्यावर चढली. भाद्रपदात हिरव्या चाऱ्याने म्हशी फुगल्या आणि लोकांनी कागद वाचून, काट्यावर तोलून, अगदी काळजीने चूर्ण चारले. चार म्हशींना रक्ताची हगवण लागली आणि त्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकल्या नाहीत. चौथी सेंधाभाईंची चांदरी होती.

दिनांक २२ सप्टेंबर रोजी मंडळीची सभा झाली. पुरीबेन डबा घेऊन गेली. ती सरळ टेबलापाशी आली आणि तिने ओढणी मागे टाकली. सव्वीस वर्षांत सेंधाभाईंनी तिचे तोंड पाहिले नव्हते.

“पुरी, वेड लागलं का तुला?” नाथीबेन म्हणाली.

पुरीबेनने उजवा हात डब्यात घातला, मूठ भरली आणि ती काट्यावर रिकामी केली. वीस ग्रॅम.

“जेठजी, आता तुम्ही,” ती म्हणाली.

सेंधाभाई उठत नव्हते. मग उठले. त्यांच्या मुठीचे बावन्न भरले. ते काट्याकडे पाहत उभे राहिले.

“सासूबाई अर्धी मूठ सांगायच्या,” पुरीबेन म्हणाली. “मी मूठ म्हणत गेले, ती माझी चूक, लिहून घ्या. पण तुम्ही हात दाखवलात तेव्हा मी ‘नाही’ म्हटलं होतं. दोनदा.”

“ते ‘च्च’ म्हणजे ‘नाही’ होतं?” सेंधाभाई हळूच म्हणाले. मग त्यांचा आवाज चढला. “आणि म्हणून भरसभेत घराण्याची लाज काढायची? माझी चांदरी गेली ती गेली, आता हे!”

मंडळीचे मंत्री, म्हणजे सचिव, शामळभाई यांनी चष्मा काढला. “बेन, चूर्णबंदीचा ठराव आधीच झालाय. फलक पुसलाय. आता काय राहिलं?”

“कागद राहिलाय.”

“तो आपल्या हातात नाही. चाळीस गावांना गेलाय.”

त्या सभेचे इतिवृत्त उपलब्ध आहे. त्यात वीसचा आकडा नाही, बावन्नचाही नाही. एकच ओळ आहे : ‘सौ. पुरीबेन ओढणीविना सभेत आल्या. सभासदांनी नापसंती नोंदवली.’ नवरा जाऊन अकरा वर्षे झालेल्या बाईला तिथे सौभाग्यवती लिहिले आहे. एवढ्या बारकाईने ते इतिवृत्त लिहिलेले आहे.

पुरीबेनने घरी येऊन हात धुतला. वृंदावनाचा कडूपणा तीन पाण्यांनी जातो, तिने तीन पाण्यांनी धुतला. मग म्हशींखाली बसली आणि धार काढली, दोन बोटांनी आणि अंगठ्याने, एकोणीस वर्षे काढते तशी. आता ओढणी डोक्यावर आहे की नाही, हे तिने पाहिले नाही. कोणी म्हैस घेऊन दारात येत नाही. डबा फळीवर आहे.

वाचकांकडे मागणी : ज्यांच्या गोठ्यात किंवा मंडळीत तो पिवळा कागद लटकत असेल, त्यांनी ‘मूठभर, पन्नास ग्रॅम’ हे शब्द आजच खोडावेत, तिथे ‘वीस ग्रॅम, गाभण म्हशीला नाही’ असे लिहावे, आणि खाली जे नाव आहे ते खोडू नये.