न आलेला फोन

तो प्रसंग आजही आठवला की माझं डोकं तापतं. मी तेव्हा धाराशिवला पोलीस मुख्यालयात होतो. कैद्यांना कोर्टात, दवाखान्यात नेणारी कैदी पार्टी माझ्या हाताखाली होती.

परंडा तालुक्यातला एक पन्नाशीचा शेतकरी खुनाच्या गुन्ह्यात कारागृहात होता. त्याला साखरेचा आजार, त्यात पायाची जखम चिघळलेली. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'तातडीने सोलापूरला हलवा.' त्याच सकाळी कैदी पार्टीच्या हवालदाराने खबर आणली. खबऱ्याचा फोन आलाय, साथीदार वाटेत गाडी अडवून याला पळवणार आहेत. मी शहानिशा न करता त्याला सोलापूरला नेणं रद्द केलं. कागदावर सही माझीच.

चौथ्या दिवशी कारागृहातून बोलावणं आलं. बराकीत शिरताच वास आला. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

"साहेब, म्या पळून जाणार व्हतो म्हणं?" तो म्हणाला. "लघवीला उठायचं तर दोघं धरत्यात मला."

मी तिथूनच ॲम्ब्युलन्स मागवली. पुढे एक गाडी, मागे एक, सहा हत्यारी पोलीस. बेडी फक्त एका हाताला, पायाला काहीही लागू दिलं नाही. हे सगळं जमवायला तासही लागला नाही. चार दिवसांपूर्वीही लागला नसता.

परतल्यावर हवालदाराला समोर उभं केलं.

"खबऱ्या कोण?"

"नाव सांगता येत न्हाय, साहेब. भरवशाचा माणूस हाय."

"नाव नको. मोबाईल काढा. त्या सकाळचा फोन दाखवा."

त्याने मोबाईल काढला, पण पुढे करेना. मी हातातून घेतला. त्या सकाळी बायकोशिवाय कुणाचाच फोन नव्हता.

"सोनारीची जत्रा व्हती, साहेब," तो पुटपुटला. "दवाखान्याची ड्यूटी लागली की आठ-आठ दिवस सुटका न्हाय. रजा तुमी नाकारली व्हती."

माझा आवाज पार गेटपर्यंत गेला असेल. तो निलंबित झाला. कैद्याचा पाय गुडघ्याखाली कापला. माझ्या सहीबद्दल मी स्वतःच वर लिहून कळवलं, तर मला नुसती ताकीद मिळाली.

कैदी पळाला तर आमची नोकरी जाते, म्हणून 'सुरक्षा' हा शब्द ऐकला की आम्ही डोळे मिटून सही करतो. कैदी सडला तर कुणाचंच काही जात नाही. त्यानंतर निवृत्तीपर्यंत धोक्याची खबर आली की मी आधी ती तपासली, माणसं वाढवली, पण दवाखाना रद्द केला नाही.

पुढे तो कोर्टात कुबड्यांवर आला. मला ओळखून त्याने एक कुबडी काखेत दाबली आणि हात कपाळाला लावून नमस्कार केला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.