लहानूची राख

लहानू गावित पेठकडचा, गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत १९९८ साली माळी होता. गावाहून पोतंभर चुलीची राख आणून कुंड्यांत घालायचा. त्यांच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा भाजतात. तिथली तांबडी माती आंबट, तिला राख मानवते. आमच्याकडे काळी माती आणि बोअरचं पाणी, दोन्हींचा पीएच आधीच आठाच्या घरात, म्हणजे क्षारी. त्यात ही राख! अशा मातीतलं लोह झाडाला घेता येत नाही. कुंड्यांतल्या अनंताची पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या.

"लहानू, राख बंद कर."

"बाई, राखंनं तर भात तरारतो!"

"सांगते तेवढं ऐक," म्हणून मी जिना चढले. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी., पण कारण सांगायला पाच मिनिटं कोण घालवणार?

पानं आणखी पिवळी पडली, म्हणून त्यानं आणखी राख घातली. सगळे अनंत मेले आणि सेक्रेटरींनी त्याला कामावरून काढलं. तेव्हा कुठे मी ओल्या मातीला लिटमस लावून दाखवला. तांबडा कागद निळा झाला, म्हणजे माती क्षारी, तिला राख नको.

"बाई, हे तुम्हाला आधी ठावं होतं?"

"होतं."

"मंग दाखवायचं ना. मला कळलं नसतं व्हय?"

कळलं असतं. त्याला मिनिटभरात कळलं होतं.