बॉस्टनचं कपाट आणि शशिधर मेश्राम

दाराची बेल वाजली की शशिधर मेश्राम आधी पडद्याआडून बाहेर बघायचे, मग दार उघडायचे. ब्रिस्टलमधल्या आम्हा चारदोन मराठी घरांना ती सवय ठाऊक होती. कारण मात्र मला त्यांच्या पत्नी मधुमतीवहिनींनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

शशिधरराव मूळचे नागपूरचे. एकोणसत्तर साली ते ब्रिस्टलला विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यात पॅटर्नमेकर म्हणून लागले. धातूचा भाग ओतण्याआधी त्याचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. एक्याऐंशी साली ते खातंच बंद झालं आणि बेचाळिसाव्या वर्षी ते रिडंडंट झाले, नोकरी गेली. तेव्हा हॅलम नावाच्या एका अँटिक डीलरने त्यांना आपल्या वर्कशॉपमध्ये घेतलं.

हॅलम जुनं अमेरिकन फर्निचर विकायचा. ते ओळखायला त्यानेच शिकवलं. समोरची चकचकीत महोगनी बघायची नाही, खण उपसून उलटा करायचा. लंडनचा चांगला सुतार खणाच्या बाजूंना ओक लावायचा, बॉस्टनवाला पांढरं पाइन, फिलाडेल्फियावाला बहुधा हिरवट झाक असलेलं ट्यूलिप पॉप्लर. पाय पंजाने चेंडू धरल्यासारखे असतील तर नखं बघायची. बॉस्टनच्या पंजाची बाजूची नखं मागे झुकलेली असतात. फळीवर करवतीच्या खुणा सरळ असतील तर ती जुनी असू शकते, कमानीसारख्या असतील तर चकतीच्या करवतीची, म्हणजे नंतरच्या काळातली. शशिधररावांना या गोष्टींचा नादच लागला. रविवारी ते घरातल्या टेबलाखालीही शिरून बघत.

चौऱ्याऐंशी साली हॅलमने एका दुमजली कपाटाचा फक्त वरचा भाग आणला. तो अस्सल बॉस्टनचा होता, खालचा भाग कुठेतरी हरवला होता. जुन्या फळ्या देऊन त्याने तो नव्याने करायला सांगितला. गिऱ्हाइकाला सगळं माहीत आहे, म्हणाला. शशिधरराव चार महिने खपले. झुकलेल्या नखांचे चार पाय कोरले. काम संपल्यावर हॅलम कपाटाभोवती दोनदा फिरला आणि गिऱ्हाइकाचं नावही न सांगता ते घेऊन गेला. ते त्यांना खटकलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

पुढे ते एका लिलावघरात जुन्या वस्तू दुरुस्त करणारे रिस्टोअरर म्हणून लागले. ब्याण्णवच्या मार्चमध्ये तेच कपाट तिथे आलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बॉस्टन, साधारण १७७०, दोन्ही भाग मूळचे.

वहिनी सांगत होत्या, त्या दिवसापासून शशिधरराव ताटावरून अर्ध्यातच उठायचे. लिलावाला तीन आठवडे होते. पोलिसांची गाडी रस्त्यावरून गेली तरी ते पडद्याआडून बघत. वीस वर्षं ब्रिटिश पासपोर्ट असलेला माणूस, पण तो पासपोर्ट काढून त्यावरची तारीख पुन्हा पुन्हा बघत बसायचा. मुलगी मीनल लीड्सला लॉ शिकत होती. बापाचं नाव अशा भानगडीत आलं तर तिला कोण उभं करील, हा विचार त्यांना पोखरत होता. घरात मात्र कुणाला काही सांगत नव्हते.

लिलावाआधी माल बघायला लोक आले, त्यात हॅलमही होता. कपाट त्याच्याकडूनच आलं होतं, म्हणजे गिऱ्हाइकाची गोष्ट थाप होती. भर दुपारी, माणसांच्या गर्दीत, तो शशिधररावांच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला आणि खणावरून हात फिरवत हळूच म्हणाला, "यावर हात तुझे फिरलेत शशी, माझे नाही. विचारणारे आधी तुझ्या दारात येतील."

त्या संध्याकाळी त्यांनी सगळं वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, आजपर्यंत लबाडी त्याची होती. उद्या तुम्ही गप्प बसलात, तर ती तुमचीही होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फर्निचर विभागाच्या प्रमुख मिस व्हिटकम यांच्यासमोर उभे राहिले. खालचा भाग मी केलाय, एवढंच ते बोलले. बाईंना आधी खरं वाटेना. लाकूड जुनं, खुणा सरळ, नखं झुकलेली. पुरावा काय, त्यांनी विचारलं.

शशिधररावांनी बॅगेतून कारखान्यातली जुनी पोलादी पट्टी काढली. ओतलेला धातू थंड झाल्यावर आकसतो, म्हणून पॅटर्नमेकरची पट्टी फुटामागे सव्वा सूत, म्हणजे इंचाच्या साधारण सहाव्या भागाइतकी, जास्त लांब असते. सवयीने त्यांनी कपाटही त्याच पट्टीने मापलं होतं. साध्या पट्टीवर खालच्या खणांची मापं कुठेतरी अधेमधे पडत होती. या पट्टीवर प्रत्येक खण पुऱ्या इंचावर, नाहीतर बरोबर अर्ध्यावर येत होता. वरचा भाग मात्र या पट्टीला जुळत नव्हता. बाईंनी तीनदा मापून पाहिलं, मग फोन उचलला.

कपाट लिलावातून काढलं गेलं. पोलिसांनी शशिधररावांची दोन दिवस चौकशी केली. हॅलमने विकलेल्या आणखी पाच वस्तू तशाच निघाल्या आणि दीड वर्षाने खटला उभा राहिला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या शशिधररावांना हॅलमच्या बॅरिस्टरने विचारलं, की आठ वर्षं गप्प का बसलात.

"भीती वाटली," ते म्हणाले. "आत्ताही वाटते आहे."

हॅलमला शिक्षा झाली. लिलावघराने शशिधररावांना गोड शब्दांत निरोप दिला; नावाचा बोभाटा झालेला माणूस त्यांना नको होता. मिस व्हिटकम मात्र एखादी अमेरिकन वस्तू शंकास्पद वाटली की त्यांना आपल्या गाडीतून घेऊन जायच्या. शशिधरराव खण उलटे करून बघायचे, मत लिहून द्यायचे आणि खाली पूर्ण नाव घालायचे. प्रत्येक वेळी सही करताना त्यांना अजूनही भीती वाटायची, असं वहिनी म्हणाल्या. पण सही न करता एकही कागद त्यांनी पुन्हा कुणाला दिला नाही.